तिसरीचा हजेरीपट

आमच्या शाळेच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. त्यात २०२२-२३ सालचे हजेरीपट ठेवलेले आहेत. त्यांतल्या तिसरीच्या हजेरीपटात जानेवारीच्या पानावर एका मुलीच्या नावापुढे सगळा महिना हजेरी लागलेली आहे. खरं तर त्या महिन्यात सतरा दिवस ती शाळेत नव्हती, लोणावळ्यातच नव्हती. हजेरी माझ्या हातची आणि खालची सहीही माझीच. माझ्या शौहरशिवाय ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते.

मुलीचं नाव मी लिहिणार नाही. तिचे अब्बू टुरिस्ट गाडी चालवायचे, लोणावळा स्टेशनवरून भुशी डॅम, कार्ला, लायन्स पॉइंट अशा फेऱ्या. लॉकडाऊनमध्ये पर्यटक बंद झाले, हप्ते थकले आणि फायनान्सवाले गाडी घेऊन गेले. तेव्हापासून ते दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. अम्मी चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. तीन लेकरं, ही मधली. वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी, नज्म म्हणताना मान डोलावणारी. पाठांतर असं की धडा एकदा वाचून दाखवला की दुसऱ्या दिवशी अर्धा तोंडपाठ.

लोणावळ्याला शूटिंगचं अप्रूप नाही. तुंगार्ली, खंडाळ्याचे बंगले जाहिरातींना आणि मालिकांना भाड्याने जातात. 'बिग बॉस'चा सेट कितीतरी वर्षं इथेच होता, मराठी 'बिग बॉस'चं २०१८ सालचं पहिलं पर्वही इथेच झालं. आमच्या वस्तीतली पोरं सेटवर सामान उचलायला आणि जनरेटरच्या गाडीवर जात. त्यामुळे २०२२ च्या पावसाळ्यात एका बंगल्यावर वाढदिवसाच्या सीनसाठी लहान मुलं हवी आहेत असा निरोप आला, तेव्हा कुणी फार विचार केला नाही. दहा-बारा मुलं गेली. जेवण मिळालं, वर पाचशे रुपये मिळाले. या मुलीला दोन वाक्यं बोलायला दिली, ती तिने न अडखळता म्हटली. एका कोऑर्डिनेटरने तिच्या अम्मीचा नंबर लिहून घेतला. दिवाळीच्या सुट्टीत फोन आला. हिंदीतली रोजची मालिका, नायिकेची मुलगी, मुंबईत शूटिंग.

आम्ही सगळेच हरखलो. परिपाठाच्या वेळी मुख्याध्यापकांनी तिचं नाव घेतलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यांत माझ्याही होत्या. 'लिटल चॅम्प्स'च्या वेळी, २००९ साली, आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा आमच्या घरात जसा आनंद झाला होता तसाच काहीसा. आपल्या मावळातली, आपल्या वस्तीतली, आपल्या उर्दू शाळेतली मुलगी टीव्हीवर दिसणार होती. किती वाजता निघायचं, किती वाजता परत यायचं, झोप कधी, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

पहाटेच्या गाडीने दादर, तिथून लोकलने गोरेगाव, पुढे रिक्षा. सकाळी नऊला मेकअप, आणि सीन कधी दुपारी तीनला तर कधी रात्री आठला. रोजच्या मालिकेचं गणित असं की दर दिवशी वीस-बावीस मिनिटांचा एक भाग तयार व्हायलाच हवा. शिफ्ट बारा तासांची. मोठ्या नटांच्या तारखा आधी सांभाळायच्या आणि त्यात मुलाचा सीन जिथे बसेल तिथे बसवायचा. मूल तोवर कुठेतरी थांबलेलं असतं. काम अर्ध्या तासाचं, थांबणं दहा तासांचं. रात्रीच्या गाडीत सीट मिळाली तर अम्मीच्या मांडीवर झोप. आठवड्यातले दोन-तीन दिवस ती शाळेत यायची, तेव्हा दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकलेलं असायचं. मी उठवत नसे. एकदा जवळ जाऊन पाहिलं तर कपाळाच्या कडेला मेकअप तसाच राहिलेला, त्याखाली पुरळ.

नोव्हेंबरात तिची अम्मी शाळेत आली. "टीचर, नाव तेवढं काटू नका. चार महिन्यांचा सवाल आहे. कर्ज फिटू द्या." मी म्हटलं, "भाभी, नाव कोण काटतंय? पण गैरहजेरी लावावीच लागेल." ती गप्प बसली. मग मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी पटसंख्येचा कागद पुढे केला. आमच्यासारख्या छोट्या उर्दू शाळांत एक-एक मूल मोजून शिक्षकांची पदं ठरतात. संचमान्यतेत दोन मुलं कमी पडली तर कुणीतरी अतिरिक्त ठरतो, आणि त्या यादीत माझं नाव कितवं होतं ते मला माहीत होतं. शिवाय मुलगी शाळेतून तुटू नये हा चांगला हेतूही होताच. वाईट काम करताना एखादा चांगला हेतू हाताशी सापडतोच. मी हजेरी लावू लागले. वर्गात नाव पुकारलं की मुलं "हाजिर टीचर" म्हणतात. तिचं नाव आलं की मी पुकारायचे नाही, नुसती खूण करायचे. खिचडीच्या नोंदीतही एक ताट जास्त लागायचं.

जानेवारीत मालिकेचा एक भाग फार गाजला. नायिका घर सोडून जाते आणि मुलगी तिच्या मागे धावत हंबरडा फोडते. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी घरोघरी टीव्ही लागलेला. माझ्या सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. मलाही रडू आलं. मी तिच्या अम्मीला मेसेज पाठवला, "माशाअल्लाह, किती खरं काम केलंय पोरीने." उत्तर आलं नाही.

त्यानंतर मुलगी शाळेत आली ती वेगळीच. अम्मीची ओढणी सोडेना. फाटकाशी रडारड झाली. वर्गात बसली की दर थोड्या वेळाने उठून विचारायची, "टीचर, माझी अम्मी बाहेर आहे ना? बघून या ना." अम्मीला कारखान्यात जायचं असायचं, ती किती वेळ थांबणार? संडासलाही एकटी जाईना. तिसऱ्या दिवशी मी अम्मीला बाजूला घेतलं.

तिने सांगितलं ते असं. त्या सीनला रडू येईना. पाच-सहा टेक झाले. ग्लिसरीनने डोळे लाल झाले, पण चेहरा रडका होईना. उशीर होत होता, सगळे वैतागले होते. मग एक माणूस तिला कोपऱ्यात घेऊन गेला आणि कानात म्हणाला की तुझी अम्मी तुला इथे सोडून लोणावळ्याला निघून गेली, आता परत येणार नाही. कॅमेरा चालूच होता. एका टेकमध्ये सीन झाला. मग टाळ्या, चॉकलेट, 'किती नॅचरल' अशी वाहवा.

अम्मी तेव्हा दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर होती. आतून आवाज आला तसा तिला कळला की हे ॲक्टिंगचं रडणं नव्हे. ती उठली. दारावरच्या मुलाने ओठांवर बोट ठेवलं, शॉट चालू आहे. "आणि मी बसले, टीचर," ती म्हणाली. हे ती मला दोनदा म्हणाली.

नमाज पढताना मागून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आला तर रसूलुल्लाह (स.) त्याच्या आईच्या काळजीने नमाज आटोपती घेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मीही वर्गात सांगते. त्या रात्री मात्र ते आठवलं आणि झोप लागली नाही.

अशी हकिगत सांगितली की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं. ती लाइनच गलत, गेलेच कशाला? हे उत्तर देणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण त्यात एक सोय आहे. एवढं बोलून आपण मोकळे होतो आणि आठ वर्षांची पोर आहे तिथेच राहते. ती लाइन तिने निवडली नव्हती. आणि हे आजचंही नाही. दादरला जन्मलेली महजबीन पाच-सहा वर्षांची असताना, १९३९ च्या सुमाराला, तिचे वालिद अली बक्श तिला स्टुडिओत घेऊन गेले. विजय भट्ट यांच्या 'लेदरफेस'मध्ये ती दिसली, पुढे 'बेबी मीना' झाली, आणखी पुढे मीनाकुमारी. घर तिच्या कमाईवर चाललं, धड शाळा मात्र तिला कधी मिळाली नाही. १९४२ च्या 'बसंत'मधली बेबी मुमताज, म्हणजे आपली मधुबाला, तिचीही तीच तऱ्हा. तिच्या अब्बांचं मोठं कुटुंब त्या एका पोरीच्या कामावर उभं राहिलं. या दोघींच्या सौंदर्याबद्दल आणि दुःखाबद्दल आपण भरभरून बोलतो. पण ज्या वयात त्यांनी पाटी धरायची त्या वयात त्या कमवत होत्या, याबद्दल कुणी बोलत नाही.

यापेक्षा वाईटही घडलेलं आहे. पन्नासच्या दशकातली लोकप्रिय बालकलाकार डेझी इराणी यांनी २०१८ साली, साठी ओलांडल्यावर, पहिल्यांदा जाहीरपणे सांगितलं की सहा वर्षांच्या असताना मद्रासला 'हम पंछी एक डाल के'च्या शूटिंगच्या काळात, त्यांना सांभाळायला म्हणून सोबत पाठवलेल्या माणसानेच त्यांच्यावर अत्याचार केला होता. साठ वर्षं ही गोष्ट पोटात राहिली. टीव्हीच्या जमान्यातलं पाहा. २००८ साली बंगाली वाहिनीच्या एका स्पर्धेत परीक्षकांनी सोळा वर्षांच्या मुलीला सर्वांसमोर झापलं. त्या धक्क्याने तिची वाचा आणि हातापायांची हालचाल गेली असं घरच्यांचं म्हणणं होतं. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तिच्यावर उपचार करावे लागले. तेव्हा वर्तमानपत्रांत चार दिवस चर्चा झाली. स्पर्धा चालूच राहिल्या.

कायदा नाही असं मला वाटत होतं. वडगावच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका नातेवाइकाने मला कागद काढून दिले, तेव्हा कळलं की कायदा आहे आणि चांगला बारकाईने लिहिलेला आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली, पण दोन सवलती राहिल्या. एक घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत करण्याची, दुसरी सिनेमा, टीव्ही, जाहिरातीत कलाकार म्हणून काम करण्याची. सर्कशीला ही सवलत नाही, टीव्हीला आहे! सर्कशीत पोराची कसरत तंबूतल्या सगळ्यांना दिसते तरी. टीव्हीतली कुठे दिसते?

पुढच्या वर्षी, २०१७ ला, नियम आले. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. शूटिंग ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची, मुलांची यादी आणि आई-बापांची संमती द्यायची, काळजी घेणाऱ्या जबाबदार माणसाचं नाव लिहून द्यायचं. पाच मुलांमागे असा निदान एक माणूस हवा. शिक्षण खंडित होता कामा नये. मुलाच्या मर्जीविरुद्ध काम करून घ्यायचं नाही. कमाईतला किमान वीस टक्के हिस्सा मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा, तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळतो. शिवाय, मुलाला कसलाही त्रास दिलेला नाही, त्याचं शोषण झालेलं नाही, अशी सूचना पडद्यावर दाखवायची.

ती सूचना मी शोधली. मोबाइलवर त्या गाजलेल्या भागाची सुरुवात लावली आणि चित्र थांबवलं. बारीक इंग्रजी अक्षरं, एका नजरेत वाचूनही होत नाहीत इतका वेळ पडद्यावर. मुलांची पूर्ण काळजी घेतली आहे, असं त्यात लिहिलं होतं.

अम्मीला मी विचारलं, संमतीपत्र दिलं होतं का? तिने कशावर तरी सह्या केल्या होत्या. इंग्रजी होतं, कोऑर्डिनेटरने बोट ठेवलं तिथे. एक प्रतही तिच्याकडे नव्हती. जबाबदार माणूस म्हणून कुणाचं नाव होतं? तिला वाटतं, तिचंच असेल. बँकेत ठेव? ते शब्दच तिने पहिल्यांदा ऐकले. मग मी शिक्षणाच्या कलमावर आले आणि मला पुढे विचारता येईना. मुलीच्या शाळेत खंड पडला का, असं उद्या एखाद्या अधिकाऱ्याने तपासायला घेतलं तर त्याला काय दिसणार? माझा हजेरीपट. त्यात खंड नाही.

मार्चमध्ये मालिकेने 'लीप' घेतली. टीव्हीवाल्यांचा हा शब्द. कथानक एका रात्रीत दहा-पंधरा वर्षं पुढे जातं, लहान मुलगी कॉलेजात जाते आणि तिच्या जागी मोठी नटी येते. अम्मीला संध्याकाळी फोन आला की उद्यापासून येऊ नका. निरोप समारंभ नाही, केक नाही. पैशांचं म्हणाल तर मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पैसे देण्याचा रिवाज आहे. मजुराचा घाम आणि त्याची मजुरी याविषयीची हदीस आपल्याकडे पोरासोरांना पाठ असते. नव्वद दिवसांत घाम वाळून कपडे चारदा धुऊन होतात. नोव्हेंबर-डिसेंबरचे पैसे आले, तेही कोऑर्डिनेटरचं कमिशन कापून. जानेवारी ते मार्चचे अर्धेच आले. बाकीच्यांसाठी अब्बूंनी तीनदा मुंबईला खेपा घातल्या, प्रत्येक खेपेला एक रोज बुडाला. शेवटी मी म्हटलं, अर्ज करू, मी लिहून देते. ते म्हणाले, "टीचर, राहू द्या. बदनामी होईल. पुन्हा कुणी बोलावणार नाही."

अमेरिकेत जॅकी कूगन नावाचा मुलगा होता, चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या 'द किड'मधला. सज्ञान झाल्यावर त्याला कळलं की त्याच्या कमाईतलं जवळपास सगळं आई आणि सावत्र बापाने उडवलं आहे. तो १९३८ साली कोर्टात गेला. त्यावरून पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात मुलांच्या कमाईचा हिस्सा राखून ठेवण्याचा कायदा झाला. आपल्याकडचा वीस टक्क्यांचा नियम त्याच वळणाचा आहे, फक्त आठ दशकं उशिराचा. यतीमांच्या मालाबाबत सूरह निसामध्ये किती सक्त ताकीद आहे हे आपल्याला ठाऊक आहे. पण आई-बाप हयात असलेल्या मुलाची कमाई कुणाची, हा विषय मी एकाही बयानात ऐकलेला नाही. त्या घरात ती सगळी हप्त्यांत गेली. मी त्यांना दोष देत नाही. पोट सगळ्यांचं एकच होतं.

आणि टीव्हीवाल्यांपुरतंच बोलून मी थांबले तर ते खोटं होईल. गेल्या रमजानमध्ये आमच्याच नात्यातल्या सहा वर्षांच्या मुलाची रोजा रखाई झाली. हार घातलेला, नवी शेरवानी, चार मोबाइल समोर. असरनंतर पोराचे डोळे मिटायला लागले, तरी "हस रे, मामूला सलाम कर, पुन्हा एकदा दुआ म्हण, मागचं नीट आलं नाही" चालू होतं. तिसऱ्यांदा म्हणायला लावलं तेव्हा तो रडला. रडतानाचा व्हिडिओ सगळ्यांत जास्त पाहिला गेला. मी तिथेच होते, शरबताचे ग्लास भरत होते.

मुलगी आता पाचवीत आहे. अल्हम्दुलिल्लाह, फाटकाशी रडणं गेलं. संडासला मैत्रिणीला घेऊन जाते, ते पोरी तशाही जातात. नज्म म्हणायला मात्र उभी राहत नाही. या २६ जानेवारीला मी नाव घातलं तर म्हणाली, "टीचर, मी खुर्च्या लावते." खुर्च्या तिने फार नीट लावल्या, सरळ ओळीत.

गेल्या आठवड्यात तिची अम्मी आली होती. धाकटा मुलगा दुसरीत आहे, गोरागोमटा, गालावर खळी. त्याच कोऑर्डिनेटरचा फोन आला होता, कसल्याशा बिस्किटाच्या जाहिरातीसाठी. "एका दिवसाचंच काम आहे," ती म्हणाली. मी नियमांचा कागद उर्दूत उतरवून ठेवला होता, स्वतःच्या अक्षरात, दोन पानं. तिला समोर बसवून एकेक कलम वाचून दाखवलं. परवानगीचा कागद मागा, बँकेचं विचारा, इंग्रजी कागद आला तर फोटो काढून मला पाठवा, सही नंतर. आणि दाराबाहेर बसायचं नाही, पोरगा दिसेल तिथेच बसायचं. हजेरीचंही सांगून टाकलं. या खेपेला तो नसेल त्या दिवशी मी गैरहजर लिहीन, मग पटसंख्येचं काय व्हायचं ते होवो.

तिने सगळं ऐकलं. कागदाची चार घडी करून पर्समध्ये ठेवली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "टीचर, ऑडिशन इतवारी आहे. हजेरीचा प्रश्नच नाही."